रस्त्याच्या कडेला माणसापेक्षा उंच वाढलेलं हे झुडूप कोणतं?

सुरंगी

नमस्कार मंडळी,

माझं गाव कुडाळ तालुक्यात. गणपतीसाठी घरी आलेय. हायवे सोडून गावाकडे वळणारा रस्ता मागच्या वर्षी रुंद केला, त्यासाठी दोन्ही अंगांना डोंगर कापला. मे महिन्यात आले होते तेव्हा ते लाल मातीचे कडे अगदी बोडके होते. आता पाहते तर कड्यावर, साईडपट्टीवर, गटाराच्या काठाने, मोरीच्या तोंडाशी सगळीकडे एकाच जातीचं झुडूप माजलंय. माझ्या डोक्याच्या वर गेलंय आणि वळणावर समोरून येणारी एसटी दिसत नाही इतकं दाट आहे.

फुलं अजून नाहीत. पानं तळहाताएवढी, तिकोनी, कडेला मोठे दाते. शेंड्याची कोवळी पानं जांभळट. गुरं याच्या बाजूचं गवत खातात, याला तोंड लावत नाहीत. मोबाईलवरच्या ॲपने तीन फोटोंना तीन वेगळी नावं दिली. शेजारचे काका म्हणाले, "असतला खयचातरी रान."

विचारायचं कारण म्हणजे वळणाच्या वर आमची काजूची कलमं आहेत आणि गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आत याची रोपं शिरलेली दिसली. कोणी ओळखू शकेल का?

आगाऊ अंत्या

फोटो कुठाय? फोटोशिवाय झाड ओळखा म्हणजे पत्रिकेशिवाय, मुलगी न बघता, फोनवर लग्न ठरवा.

सुरंगी

टाकते हो. इथे रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर येते, पाऊस थांबला की जाते तिकडे.

टेकडीवरचा

गाजरगवत असणार. रस्त्याचं काम झालं की मुरूमाबरोबर तेच येतं. आमच्या पुण्यात तर त्याचं माहेरच. हात लावू नका, अंगाला खाज सुटेल.

बकुळा

मला वर्णनावरून घाणेरी वाटतेय, म्हणजे टणटणी. दातेरी पानं, उग्र वास, गुरं खात नाहीत. लहानपणी काळी फळं खाल्ली आहेत तिची. फुलं आली की रंगीत गुच्छ दिसतील बघ.

बाबल्या

अगो ता रानमोडी. आमच्याकडे तिलारीच्या रस्त्याक दोनय बाजूंनी भरान ऱ्हवलेली आसा. ढोरां तोंड लावनत नाय, जाळलास तरी पावसात परत येता. माझ्या आजयेक इचारलंय तर म्हणता, तिच्या लहानपणी ह्या झाड नव्हताच.

दगडफूल

बाबल्याचं उत्तर बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे. पण फुलाशिवाय ओळख पटवायची तर चार गोष्टी तपासा म्हणजे शंका उरणार नाही. फोटोपेक्षा हातात धरलेलं पान जास्त सांगतं.

सुरंगीताई, एक फांदी तोडून सांगा:

खोड चौकोनी आहे की गोल? काटे आहेत का?
पानं जोडीजोडीने समोरासमोर आहेत की एकाआड एक?
पान उलटं करून देठाजवळ बघा. मधली शीर एकटीच वर जाते की तिच्या दोन बाजूंनी आणखी दोन ठळक शिरा निघतात?
चुरगळून वास कसा येतो?

टेकडीवरचे साहेब, गाजरगवताचं पान गाजराच्या पानासारखं बारीक चिरलेलं असतं. तिकोनी अखंड पान म्हटलं की तो विषय तिथेच संपतो.

सुरंगी

पान हातात धरूनच लिहितेय.

खोड गोल. काटे अजिबात नाहीत, पण बारीक मऊ लव आहे. फांदी कट्कन मोडते आणि आत पांढरा गाभा आहे. पानं समोरासमोर, आणि फांद्यासुद्धा जोडीनेच फुटल्या आहेत. वरची जोडी खालच्या जोडीला आडवी.

शिरांचं बरोबर आहे! देठ संपून पान सुरू झालं की लगेच तीन शिरा फुटतात. मधली सरळ टोकाला आणि बाजूच्या दोन वळून वर, अगदी त्रिशूळ काढल्यासारखा. पानाला दोन्हीकडून लव आहे, खालून जास्त.

वास उग्र. रॉकेलच्या जवळपासचा. साबणाने हात धुतला तरी येतोय अजून.

दगडफूल

मग रानमोडीच. शास्त्रीय नाव क्रोमोलिना ओडोराटा. जुन्या पुस्तकांत युपॅटोरियम ओडोराटम या नावाने सापडेल. सूर्यफूल, झेंडू, गाजरगवत ज्या कुळात येतात त्याच कुळातली.

बाकीचे उमेदवार का बाद झाले ते सांगतो, कारण कोकणात हा गोंधळ नेहमी होतो.

घाणेरीचं खोड चौकोनी असतं आणि त्यावर उलटे वळलेले काटे असतात. अंधारात नुसतं चाचपलं तरी कळेल. शिवाय तिचं पान हाताला खरखरीत लागतं, रानमोडीचं मऊ.

रानतुळस म्हणजे हिप्टिस हीसुद्धा रस्त्याकडेला माणसाएवढी होते आणि तिलाही वास आहे. पण खोड चौकोनी, वास पुदिना-तुळशीच्या वळणाचा आणि फुलं निळसर.

ओसाडी ही रानमोडीची जवळची नातेवाईक. फुलं थोडी मिळतीजुळती, तीही लवदार. पण ती जेमतेम कमरेपर्यंत जाते, पानाचे दाते गोलसर असतात आणि वर्षभरात मरते. भामुर्ड्यालाही वास असतो, मात्र त्याची पानं एकाआड एक.

म्हणजे गोल बिनकाट्याचं खोड, समोरासमोर पानं, देठापाशी त्रिशूळ आणि रॉकेलचा वास. हे चारही एकत्र आले की कोकणात दुसरं काही असणं कठीण. शिक्कामोर्तब डिसेंबरात होईल. दिवस लहान झाले की ती फुलते. सेंटिमीटरभर लांबीच्या उभट नळीसारख्या फुलांचे घोस येतात, पांढरे किंवा फिकट जांभळे. झेंडूला बाहेरून पाकळ्या दिसतात तशा दिसणार नाहीत, नुसते बारीक धागे बाहेर आलेले दिसतील. नंतर प्रत्येक बीला पांढऱ्या केसांचा झुबका येतो आणि वारा ते घेऊन जातो.

टेकडीवरचा

बरं, गाजरगवत नाही तर नाही. पण हे आलं कुठून? तेही गाजरगवतासारखं परदेशी गव्हाबरोबर का?

दगडफूल

नाही, हिला मुद्दाम आणलं. मूळची अमेरिकेतली, फ्लोरिडा-टेक्सासपासून थेट अर्जेंटिनापर्यंत आणि वेस्ट इंडीजच्या बेटांवर. १८४० च्या दशकात कोलकात्याच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये शोभेचं झाड म्हणून आली आणि तिथून सुटली. आधी बंगाल, आसाम, ब्रह्मदेश, मग दक्षिण भारत. आज पश्चिम आफ्रिकेपासून इंडोनेशियापर्यंत पसरली आहे. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या जगातल्या सर्वांत त्रासदायक १०० आगंतुक प्रजातींच्या यादीत ती आहे. त्याच यादीत घाणेरी आहे आणि आपण हौसेने लावलेली सुबाभूळसुद्धा आहे.

तिकडे, मूळ प्रदेशात, ती इतकी माजत नाही. तिच्यावर जगणाऱ्या शेकडो किड्यांची फौज तिकडेच राहिली आणि झाड एकटं आलं. गुआम बेटावर तिची पानं खाणारा एक पतंग सोडला, तिथे बराच उपयोग झाला. भारतात इंडोनेशियातून एक गाठमाशी आणून बंगळुरूजवळ सोडली होती. ती शेंड्याजवळ खोडात अंडी घालते, तिथे सुपारीएवढी गाठ होते आणि फांदीची वाढ खुंटते. पण माशी सोडली आणि रान साफ झालं असं काही होत नाही, वाढीला थोडा लगाम बसतो इतकंच.

मधुरा त्रिशूरकर

मी लग्नानंतर केरळात. इथे याला लोक 'कम्युनिस्ट पच्चा' म्हणतात, म्हणजे कम्युनिस्ट पाला! १९४०-५० च्या सुमारास दोन्ही एकदमच राज्यभर पसरले म्हणून. माझे सासरे पक्के डावे, त्यांच्यासमोर हे नाव घेऊन तण उपटायला लागलं की मजा येते.

इथे रबराच्या मळ्यांत कोवळ्या झाडांमध्ये हे फार. रबर मोठं होऊन सावली धरली की आपोआप कमी होतं. सावली याला सोसत नाही.

आगाऊ अंत्या

आणि आमच्याकडे गाजरगवताला काँग्रेस गवत म्हणतात. आता उरलेल्या पक्षांनी तणं वाटून घ्या, भांडू नका.

(संपादक, राजकीय नाही हो हे, वनस्पतिशास्त्र आहे.)

शेणखत

मी रत्नागिरीकडे शेती करतो, काजू-आंबा. सुरंगीताई, तुमच्या प्रश्नातला दुसरा भाग माझ्या कामाचा, तेव्हा त्यावर लिहितो.

रस्त्यावर ती का आली ते उघड आहे. डोंगर कापला, मूळचं गवत आणि झुडपं गेली, उघडी माती आणि भरपूर ऊन मिळालं. बी आणलं ते जेसीबीच्या पट्ट्यांनी, डंपरच्या टायरांनी आणि दुसरीकडून आणलेल्या भरावाच्या मातीने. बीवर बारीक काटेरी लव असते, कपड्याला, गुरांच्या अंगाला चिकटते. वाऱ्याने ती थोडंच जाते. लांबचा प्रवास आपण घडवतो.

काजूत शिरली की काय होतं? पहिल्या वर्षी कोणी लक्ष देत नाही. मोकळ्या जागी ती दोन-तीन मीटरचं झुडूप होते, पण कलमाचा आधार मिळाला की त्यावर रेलून आणखी वर चढते. लहान कलम तिच्याखाली गुदमरतं. खाली गवत उरत नाही. आणि मुख्य भीती वणव्याची. मार्च-एप्रिलमध्ये वरचा सगळा भाग वाळून काड्या होतात, पानांत तेल असतं, विडीचं थोटूक पुरतं. आमच्या बाजूच्या वाडीत रस्त्याकडेच्या रानमोडीतून आग वर चढली आणि काजूची उभी बाग करपली. झाड गेलं की पाच-सात वर्षं मागे गेलात.

आणि आगीत ती स्वतः मरत नाही. बुंधा जमिनीत शाबूत राहतो, पहिल्या पावसात त्यातून झुबक्याने फुटवे येतात, आणि आजूबाजूला जळून मोकळी झालेली जमीन तिलाच मिळते.

बकुळा

म्हणजे जाळायचं नाही, कापलं तर फुटतं. मग करायचं काय? तणनाशक?

शेणखत

तणनाशकाच्या वाटेला मी जात नाही. माझी विहीर बागेच्या खालच्या अंगाला आहे. शिवाय माणसाएवढ्या झुडपावर फवारायचं म्हणजे अर्धं औषध कलमावर उडणार.

माझी पद्धत अशी. आत्ता, भाद्रपदात, माती ओली आहे. या वर्षीची रोपं हाताने मुळासकट निघतात, हातमोजे घाला, बस्स. जुने बुंधे कुदळीने खणून काढायचे. मूळ फार खोल जात नाही, पण मुळाचा जो गड्डा असतो तो पूर्ण बाहेर आला पाहिजे. वरून ग्रासकटर फिरवला तर दिसायला साफ दिसतं आणि एका खोडाची सहा होतात. ग्रासकटरवाल्याला मात्र बरं, दरवर्षी बोलावणं येतं.

वेळेचं गणित महत्त्वाचं. आमच्याकडे बहुतेक लोक बागेची बेणणी काजू पडायच्या आधी म्हणजे जानेवारीत करतात, बिया वेचायला सोपं जावं म्हणून. तोवर रानमोडी फुलून बी धरायला लागलेली असते. तीच कापून तिथेच पसरायची म्हणजे हाताने पेरणी केली. खणणं जमत नसेल तर निदान कळ्या दिसायला लागल्या की, नोव्हेंबरात, कापा. तेव्हा कापली तर पुन्हा फुटून फुलायला फारसा वेळ उरत नाही. सप्टेंबरात कापून गप्प बसलात तर गुडघ्याएवढे फुटवेसुद्धा डिसेंबरात फुलतात, मी पाहिलेत.

फुलायच्या आधी काढलेला पाला फुकट घालवू नका. कलमाच्या अळ्यात आच्छादन म्हणून टाका, किंवा शेणाबरोबर खड्ड्यात कुजवा. चांगलं खत होतं. फुलं-बी असलेला मात्र नाही.

आणि एका वर्षात निकाल लागेल असं समजू नका. मातीत पडलेलं काही बी मागाहून उगवतं. दोन-तीन पावसाळे रोपं उपटत राहावं लागतं.

आगाऊ अंत्या

वाचनखूण साठवली. आमच्या गावच्या भाऊबंदकीतल्या जमिनीवर हेच आहे बहुतेक. सगळे भाऊ म्हणतात दुसऱ्याने काढावं.

नलूआत्या

एवढं वाईटही बोलू नका रे तिच्याबद्दल. आमच्याकडे कोयता लागला की हिचाच पाला चुरडून रस जखमेवर पिळतात. रक्त लगेच थांबतं. मी स्वतः लावलाय. निसर्गात कुठलीच वनस्पती फुकट नसते. काढा करून घेतला तर पोटालाही चांगला म्हणतात.

दगडफूल

नलूआत्या, रक्त थांबण्याबद्दल बरोबर आहे. केरळात, व्हिएतनामात, आफ्रिकेतही लोक जखमेवर हा पाला लावतात आणि त्यावर प्रयोगशाळेत कामही झालं आहे. रानात दुसरं काही हाताशी नसेल तर समजू शकतो.

काढा मात्र कृपा करून घेऊ नका, कोणाला देऊही नका. या झाडात, विशेषतः फुलांत, पायरोलिझिडिन गटातली अल्कलॉइड्स आहेत. ती यकृताला इजा करतात, आणि ती इजा लगेच दिसत नाही. कोवळ्या पानांत नायट्रेटही भरपूर असतं, म्हणून गुरांनाही घातक. आपली ढोरं तोंड लावत नाहीत, त्यांना आपल्यापेक्षा कळतं.

अवांतर: जखमेवर आपण जो दगडी पाला लावतो, एकदांडी, तीही मध्य अमेरिकेतूनच आलेली. आजीचा बटवा वाटतो तितका देशी नाही.

पाकोळी

दगडफूल यांनी अल्कलॉइड्सचा उल्लेख केला म्हणून लिहिते. फुलपाखरं बघणाऱ्यांना ही रानमोडी चांगली माहीत आहे. डिसेंबर-जानेवारीत तिच्या फुलोऱ्यावर ब्लू टायगर, कॉमन क्रो यांची नुसती झुंबड असते. त्यातले नर तीच रसायनं गोळा करतात, त्यापासून मादीला आकर्षित करणारा गंध बनवतात. वाळलेल्या फांदीवरसुद्धा बसून शोषताना दिसतात. त्यामुळे काही फोटोग्राफर मंडळींना ती हवीच असते.

पण त्यासाठी रानमोडी राखायची गरज नाही. आपला खुळखुळा आणि भुरुंडी यांत त्याच गटातली रसायनं असतात आणि हीच फुलपाखरं तिथेही येतात. शेकडो प्रकारच्या सुरवंटांना लागणारं गवत आणि झुडपं मारून एका फुलावर गर्दी जमवली, तर त्याला फुलपाखरांचं भलं म्हणता येत नाही.

मांडवीकाठ

गोव्यातून +१. आमच्या सत्तरी-डिचोलीकडे सोडून दिलेल्या काजूच्या डोंगरांवर हेच. नवी पिढी पणजीला नाहीतर परदेशात, वर कोणी जात नाही. गव्यांना गवत उरलं नाही की ते कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत उतरतात, मग आरडाओरडा. जंगल हिरवं दिसतं म्हणून सगळे खूश.

सुरंगी, तुमच्या कड्याबद्दल एक सांगतो. उभ्या कापलेल्या मातीवरून सगळी झुडपं एकदम खणून काढू नका, विशेषतः पावसात. तीच मुळं आत्ता माती धरून आहेत, दरड खाली येईल. वळणावरची तेवढी कापा, दिसण्यापुरती. कड्यावर आधी दुसरं काही रुजू दे. वाळा चालतो, मुळं खोल जातात.

शेणखत

हे पटलं. आधी गडग्याच्या आतली, मग वळणावरची, कडा सगळ्यात शेवटी. वर सावली देणारी झाडं लावली तर मधुराताई म्हणतात तसं काम सोपं होईल.

सुरंगी

सगळ्यांचे आभार. बाबांना आणि शेजारच्या काकांना सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. काढ्याचं ऐकून काकांचा चेहरा बघण्यासारखा होता, त्यांच्याकडे वाळवून ठेवलेला पाला निघाला! टाकून दिला.

गडग्याच्या आतली रोपं मी आणि बाबांनी उपटली. ओल्या मातीत खरंच सहज येतात. दोन जुने बुंधे मात्र निघता निघेनात, टिकावाने खणावे लागले. गड्डा हाताच्या मुठीहून मोठा होता आणि त्यावर आधीच्या वर्षीच्या कापलेल्या खोडांचे खुंट मोजता येत होते. म्हणजे ग्रासकटरवाल्याने 'साफ' केलेले तेच हे. रस्त्यावरच्यांचं ग्रामपंचायतीत विचारलं तर म्हणाले रस्ता आमचा नाही, बांधकाम खात्याकडे अर्ज द्या. अर्ज दिलाय.

आगाऊ अंत्या

अर्जाची पोच घेतलीत ना? रानमोडीपेक्षा चिवट गोष्टी आहेत जगात.

सुरंगी

धागा वर काढतेय. भावाने घरून फोटो पाठवलेत, नाताळच्या सुट्टीत गेला होता. फुलं आली. दगडफूल यांनी लिहिलं तसंच, फिकट जांभळट घोस, पाकळ्या नाहीत, बाहेर बारीक धागे. बाबल्याला पहिल्याच प्रतिसादात ओळखल्याबद्दल घरी आलास तर सोलकढी.

बागेत या वेळी फुललेलं एकही नाही. वळणावरची झुडपं शेवटी वाडीतल्या पोरांनीच नोव्हेंबरात कापली, एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून थँक्यू म्हणून गेला. कड्यावरची तशीच आहेत, फुलून पांढरी झालीत. वारा बागेकडचाच आहे, त्यामुळे जूनमध्ये पुन्हा रोपं उपटायची तयारी ठेवलीय. अर्जाचं उत्तर नाही.

बाबल्या

सोलकढी चलात. वांगडा बांगडो पण होयो.

टेकडीवरचा

छान झालं. आता माझं एक. आमच्या सोसायटीच्या मागच्या टेकडीवर दसऱ्याच्या आसपास पिवळी-केशरी फुलं येतात, लोक सेल्फी काढायला गर्दी करतात. पानं चिरलेली, उंची कमरेपर्यंत, दरवर्षी पट्टा वाढतोय. हेही आगंतुकच का?

दगडफूल

कॉसमॉस. मेक्सिकोचा. आणि त्याच्या बिया लोक पिशवीत भरून नेऊन मुद्दाम उधळतात, हे पाहिलंय. पण त्याला वेगळा धागा काढा, इथे नलूआत्या मला आधीच रागावल्या आहेत.

नलूआत्या

रागावले नाहीये. कॉसमॉसचं काही औषध होतं का, एवढंच विचारणार होते.